घरचे ताट आणि महिन्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



आजच्या संमेलनात बोलण्यासाठी कार्यकारी मंडळाने महिला शाखेला जो विषय नेमून दिला, तो 'आधुनिक गृहिणीची काटकसर' असा होता. विषयपत्रिका हाती आली तेव्हा आम्ही सातजणी प्रथम हसलो आणि मग थोड्या रागावलोही. काटकसर म्हटली की ती गृहिणीनेच करावयाची, हा सिद्धान्त मंडळाच्या स्थापनेपासून आजतागायत कोणी तपासून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि विषय टाळावा असे मात्र आम्हांस वाटले नाही. मंडळाच्या साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम आमच्या शाखेकडे आहे. अर्जदारांची नावे आम्ही कोणास सांगत नाही व सांगणारही नाही. परंतु नोकरी गेलेली, घराच्या कर्जाचे हप्ते चालू, मुलांची शिक्षणे अर्धवट, अशी घरे आपल्या ज्ञातीत पाच-दहा वर्षांपूर्वी वाटत होती त्याहून आज अधिक आहेत, एवढे आम्ही निश्चित सांगू शकतो. म्हणून आम्ही विषयाचे नाव बदलून घेतले. ज्या घराला बाहेरचे जेवण परवडत नाही आणि घरचे जेवण जमत नाही, त्या घराने करावे काय, हा आमचा आजचा विषय आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. आम्ही हॉटेलांच्या शत्रू नाही. गिरगावातील उपाहारगृहांत मिसळ खाल्ल्यावाचून आमच्यापैकी कोणाचेही बालपण पार पडलेले नाही, आणि इराण्याचा चहा वाईट होता असे म्हणणारी व्यक्ती आम्हांस अद्याप भेटावयाची आहे. नोकरीनिमित्त पुण्यात एका खोलीत राहणाऱ्या मुलाने स्वतःपुरते पातेले चढवावे, असाही आमचा आग्रह नाही. एकट्याचा स्वयंपाक पुष्कळदा खानावळीच्या ताटापेक्षा महाग पडतो, कारण पाव जुडी कोथिंबीर आणि अर्धा नारळ कोणी विकत नाही. आमचे म्हणणे चार-पाच माणसांच्या चालत्या घरापुरतेच आहे.

आता एका घराची हकीकत सांगतो. ते घर आम्हा सातजणींपैकीच एकीचे आहे. ती कोण, हे विचारू नये. तिच्या संमतीने आणि बहुतांशी तिच्याच शब्दांत आम्ही हे लिहून आणले आहे.

घर डोंबिवलीचे. पती एका कंपनीत हिशेबनीस, पत्नी एका खाजगी दवाखान्यात नोकरीला, मुलगा बारावीत, मुलगी आठवीत, आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात कंपनीने मुंबईचे कार्यालय बंद केले आणि घरातील मोठा पगार थांबला. पहिल्या महिन्यात त्यांनी काय काय बंद केले, त्याची यादी ऐकण्यासारखी आहे. वर्तमानपत्र बंद केले, भांडीवाल्या बाईंना जड मनाने नाही म्हटले, दुधाची एक पिशवी कमी केली, मुलीचा गाण्याचा वर्ग थांबविला. बंद झाले नाही ते एकच, शनिवारचे हॉटेल. ते बंद केले असते तर मुलांना कळले असते, सोसायटीत कळले असते, आणि आपल्या ज्ञातीत तर दुसऱ्या दिवशी कळले असते. ह्याखेरीज आठवड्यातून दोन-तीन वेळा रात्री मोबाईलवरून जेवण मागविले जाई. त्याला ती मंडळी 'बाहेरचे जेवण' म्हणतच नसत. ते घरी बसून खाल्ले जाई ना!

तिसऱ्या महिन्यात त्या भगिनीने एक वही केली. हिशेबनीसाच्या घरात हिशेबाची वही नसावी, हे तिचे तिलाच नवल वाटले. महिनाअखेर बेरीज झाली तेव्हा वाण्याचे बिल, भाजी, दूध व गॅस मिळून १०,६०० रुपये झाले होते, आणि शनिवारची हॉटेले व मागविलेली जेवणे मिळून ८,९००. म्हणजे महिन्याच्या सुमारे साठ वेळच्या जेवणांपैकी बारा-तेरा वेळांनी जवळजवळ उरलेल्या सगळ्यांइतकाच पैसा खाल्ला होता. 'बेरीज तीनदा केली,' ती म्हणाली, 'आणि नंतर वही गादीखाली ठेवली.'

हा काही एकाच घराचा उधळेपणा नव्हे. केंद्र सरकारने २०२३-२४ साली केलेल्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ४० टक्के वाटा अन्नाचा निघाला. त्यातही पेये, फराळ व तयार पदार्थ ह्यांचा वाटा एकूण खर्चाच्या ११ टक्के, आणि तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी इत्यादी सर्व धान्यांचा मिळून ४ टक्क्यांहूनही कमी. आपण धान्याचे भाव वाढले म्हणून तक्रार करतो आणि पैसा मात्र धान्यावर खर्चच करीत नाही. आता तयार ताटाची किंमत जास्त का, तर त्यात लबाडी असतेच असे नाही. उपाहारगृहाला जागेचे भाडे, आचारी व वाढप्यांचे पगार, वीज, डबे-पिशव्या आणि घरपोच पोहोचविणाऱ्या कंपनीचे कमिशन, हे सारे त्याच ताटातून काढावे लागते. प्रत्यक्ष शिध्याचा वाटा किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहतो. वर ५ टक्के कर. मालक फार नफेखोर आहे असे समजून रागावण्याचे कारण नाही. आपण दुसऱ्याच्या भाड्याचा हिस्सा भरतो आहोत, एवढेच ध्यानात घ्यावे.

तेव्हा त्या भगिनीने निश्चय केला. निश्चय करणे ही आपल्या ज्ञातीची जुनी आवड आहे. तिने आठवड्याच्या जेवणाचे एक वेळापत्रक लिहून भिंतीवर लावले, स्वस्तातले स्वस्त पदार्थ निवडले, आणि आठ दिवस ते अक्षरशः पाळले. सोमवारी वरण-भात, मंगळवारी खिचडी, बुधवारी वरण-भात, गुरुवारी बटाटा, ह्या क्रमाने घरातील माणसांचे चेहरे उतरत गेले. ती स्वतः दवाखान्यातून सात वाजता येई, आठ वाजेपर्यंत ओट्यापाशी उभी राही, दहाला भांडी घाशी. नवव्या दिवशी रात्री दाराची घंटा वाजली आणि एक पोऱ्या चार डबे घेऊन उभा राहिला. पैसे आजींच्या निवृत्तिवेतनातून दिले गेले होते. कटात नातू आणि आजी दोघेही सामील! त्या रात्री ती भगिनी जेवली नाही. रागाने नव्हे, त्या डब्यांचा वास तिला बरा वाटला, ह्याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, तू करतेस तो एका वेळचा स्वैपाक. तसा मला कधी जमलाच नाही. मी एकदम आठवड्याचा करायची."

"आई, तुम्ही कोणासाठी आठवड्याचा करायचात?" असे तिने विचारले. तोवर तिला एवढेच ठाऊक होते की सासरे गिरणीत होते आणि ही मंडळी लालबागला चाळीत राहत असत.

सासूबाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले ते असे. १९७४ पासून १९८२ पर्यंत लालबागच्या दोन खोल्यांत त्यांनी खानावळ चालविली. चौदा माणसे, दोन वेळ. सारे कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार. कोणी पहिल्या पाळीचे, कोणी रातपाळीचे. पैसे पगार झाल्यावर, महिन्याचे एकदम. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा एकेक माणूस गावी निघून गेला. कित्येकांची दोन-दोन महिन्यांची बाकी राहिली, ती राहिलीच. सासूबाईंनी अखेर पितळेची पातेली विकली.

हे त्या घरात चाळीस वर्षे कोणी उच्चारले नव्हते. का, ते ह्या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्या ज्ञातीत बाईने पैसे घेऊन परक्यांना जेवू घालणे कमीपणाचे समजले जात असे. मुलांची लग्ने ठरविताना 'आईची खानावळ होती' हे वाक्य टाळले जाई. गिरणगावात अशा शेकडो बाया होत्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली, आणि सावकाराच्या हातून सोडविले. त्या कार्याचा गौरव आपणही केलेला असेल. परंतु आपल्याच ज्ञातीतील किती बाया तशी खानावळ चालवीत होत्या, हे आपण कधी विचारले नाही. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका आम्ही मुद्दाम काढून पाहिल्या. वकील, डॉक्टर, शिक्षक, नगरसेवक सर्वांची छायाचित्रे आहेत. खानावळवाली एकही नाही.

आम्ही विषय सोडून गेलो असे कोणास वाटत असेल, तर तसे नाही. चौदा माणसांना दोन वेळ जेवू घालून, स्वतःच्या घरची चार माणसे त्यातच पोसून, वर पाच-पंचवीस रुपये शिल्लक टाकणाऱ्या बाईला जे ठाऊक होते, तेच नेमके त्या वेळापत्रकात नव्हते.

आजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, तुम्ही जेवण मागविता ते किती वाजता? वही काढून पाहिले. जवळजवळ प्रत्येक वेळी रात्री आठ आणि नऊच्या दरम्यान. म्हणजे भूक लागली म्हणून नव्हे किंवा हॉटेलचे आवडते म्हणूनही नव्हे. आठ वाजता घरात भिजलेले, निवडलेले, चिरलेले असे काहीच नसे म्हणून. "आज काय करायचं?" हा प्रश्न दिवसभर खपून आलेल्या एका माणसाच्या डोक्यात रात्री आठला उभा राहतो, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे त्राण त्या माणसात नसते. आजींच्या मते हा प्रश्न आठ वाजता पडूच नये. तो आदल्या रात्री झोपताना सुटलेला असावा. मूग, मटकी, चवळी, वाल ह्यांपैकी एक काहीतरी रोज रात्री पाण्यात पडले पाहिजे, मग पुढचे पुढे. पाव किलो मूग भिजून मोड आले की पातेले भरते; पाच माणसांना एक वेळ पुरून सकाळच्या डब्यापुरते उरते; यंदाच्या भावाने त्याला ३०-३५ रुपये पडतात. मोड आल्याने त्यांत 'क' जीवनसत्त्व वाढते, आणि कडधान्याबरोबर भात किंवा भाकरी असली की एकातील प्रथिनांचे उणे दुसऱ्याने भरून निघते, हे आता शास्त्रही सांगते. आजींना ते शास्त्र ठाऊक नव्हते. उसळीबरोबर भाकरी हवी, इतके ठाऊक होते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक किलो कणकेच्या पोळ्या तीस ते पस्तीस होतात, हे आजींना तोंडपाठ. आपल्या सुनेच्या पिढीला बहुधा नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० सालच्या 'गृहिणी-मित्र' ह्या ग्रंथापासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'पर्यंत आपल्या भाषेत पाककृतींची उत्तम पुस्तके झाली. कमलाबाईंनी तर वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या मुलींवर अनंत उपकार केले. पण पुस्तक पदार्थ शिकविते. पदार्थापासून पदार्थ कसा निघतो, ते घरात उभे राहूनच पाहावे लागते. हल्ली मोबाईलवर पाहून जो स्वयंपाक होतो, त्याचा दोष आम्हांस हाच दिसतो. एका भाजीसाठी मलई, काजू, कसुरी मेथी व आणखी दोन बाटल्या आणावयाच्या, आणि भाजी झाल्यावर त्या बाटल्या फ्रिजच्या दारात वर्षभर उभ्या. तो पदार्थ घरी केला तरी हॉटेलाइतकाच महाग पडतो, मग लोक म्हणतात की घरचे कुठे स्वस्त आहे!

आजींच्या स्वयंपाकात कोणतीही गोष्ट एकटी येत नसे. दुधाचेच पाहा. कमी केलेली पिशवी त्यांनी पुन्हा सुरू करावयास लावली, हे ऐकून आम्हांसही आश्चर्य वाटले. साईचे दूध घ्यावे, साय साठवावी, तिला विरजण लावावे, आठवड्याने घुसळावी. लोणी निघते, त्याचे तूप. ताकाची एका रात्री कढी. आणि तूप कढविल्यावर तळाशी राहणारी बेरी साखर घालून पोळीवर मुलांना. बाजारचे तूप बंद झाले, दह्याचे डबे बंद झाले, शिवाय एका संध्याकाळचे कालवण फुकट. तसेच वरणाचे. रात्री उरलेले वरण सकाळी टाकून न देता त्यात चिंच-गूळ, गोडा मसाला घालून कणकेची फळे सोडली की वरणफळे होतात, आणि ती ज्या घरात आवडत नाहीत असे घर आम्ही पाहिलेले नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, उरलेल्या भाजीची थालीपिठे, ही तर आपणा सर्वांच्या माहितीचीच. येथे एक सावधगिरी सांगतो. जुन्या काळी भात रात्रभर फडताळात राही. तसे आता करू नये. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात जे जंतू वाढतात, त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात निवला की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. आजींनी हे मान्य केले, पण जरा नाखुशीने.

नारळाचे भाव अलीकडे असे चढले आहेत की आपल्यासारख्या कोकणी घरांचा जीव कासावीस व्हावा. आजींनी रोजचा ओला नारळ बंद केला आणि रविवारी एकदाच वाटण करावयाचे ठरविले. कांदा भरपूर, सुके खोबरे थोडे, दोन्ही खरपूस भाजून वाटून बरणीत. आठवडाभर उसळीला, आमटीला चमचा-चमचा. रोजच्या दुसऱ्या पदार्थांना दाण्याचा कूट. मासळी हा तर आपला हळवा भाग. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि पापलेटाचा भाव विचारण्याचीही छाती होत नाही. जुन्या बाया मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा आणि सोडे भरून ठेवीत, ते उगीच नव्हे. मूठभर सोडे वांगी-बटाट्याच्या कालवणात पडले की पाच माणसांना मासळी जेवल्याचे समाधान लाभते. आणि ज्या दिवशी घरात दुसरे काहीही नसेल, त्या दिवसासाठी कुळथाचे पीठ. लसणाची फोडणी, पाणी, दोन आमसुले, पीठ. दहा मिनिटांत पिठी तयार, भात तेवढ्यात होतो. रात्री आठच्या प्रश्नाला आजींचे हे राखीव उत्तर होते. मागविलेले जेवण यावयास चाळीस मिनिटे लागतात.

गॅसविषयी थोडक्यात. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून मग शिजवावी. कुकरची पहिली शिटी झाली की आंच मंद करावी, कारण आत एकदा वाफ धरली म्हणजे मोठी आंच वाया जाते. आणि एकाच कुकरात वरण, भात व बटाटे एकदम उतरवावेत. हे सर्वांस माहीत आहे आणि कोणीच करीत नाही.

एवढे ऐकून आपणास वाटेल की एका हुशार सासूने एका सुनेला स्वयंपाक शिकविला. तसे झाले असते तर आम्ही हे भाषण केलेच नसते. आजींनी शिकविण्यापूर्वी एक अट घातली. त्या म्हणाल्या की, "मी शिकवीन ते चौघांना. एकटीला शिकवणार नाही. मी एकटीने केलं, माझे गुडघे गेले." मुलाची बारावी, मुलाच्या वडिलांना नोकरीची चिंता, ह्या सबबी सांगून झाल्या. आजी ऐकेनात. त्यांच्या चौदा जेवणाऱ्यांच्या काळात त्या पहाटे चारला उठत आणि रात्री अकराला आडव्या होत, मधल्या वेळात घरातील पुरुष गिरणीतून येऊन पाटावर बसत. त्या दिवसांत जी बचत झाली ती कुठून झाली, असे आजींनी मुलाला सरळ विचारले. धान्यातून थोडी, सरपणातून थोडी, आणि उरलेली सगळी त्यांच्या झोपेतून.

बंधूंनो, ह्या ठिकाणी आम्ही सातजणी लिहिताना थांबलो. आपल्यातील प्रत्येकीच्या आईची काटकसर आपण आजवर किती कौतुकाने सांगत आलो! १९६५ साली पंतप्रधान शास्त्रीजींच्या आवाहनावरून सोमवारची रात्र उपाशी काढली, ह्याचा अभिमान घराघरांत आहे, आणि तो असावाच. पण त्या घरांत इतर सहा दिवस शेवटी जेवणारी, आणि पुष्कळदा कमी जेवणारी, ही कोण होती, तेही आपणास ठाऊक आहे. काटकसरीचे गुण बहुधा तेच गातात ज्यांना ती करावी लागत नाही. बाहेरचे जेवण बंद करून जो पैसा वाचला तो जर एका बाईच्या पाठीतून वाचणार असेल, तर मोबाईलवाला पोऱ्या काय वाईट, असे त्या भगिनीने आम्हांस विचारले. आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते.

त्या घरात पुढे जे झाले ते असे. रात्री काय भिजत घालावयाचे, हे ठरविण्याचे व घालण्याचे काम पतीकडे आले. हिशेबनीसच ते, त्यांनी पहिल्या आठवड्यात कडधान्यांचा तक्ता केला, दुसऱ्या आठवड्यात वाल भिजवून सोलावयाचे विसरले. (हशा.) मंडईत संध्याकाळी उशिरा जावे, भाजीवाल्या उरलेला माल कमी भावाने देतात, हे त्यांना आजींनी सांगितले, प्रथम त्यांना भाव करण्याची लाज वाटे, आता वाटत नाही. मुलाकडे कणीक आणि पोळ्या. त्याच्या पोळ्यांचे आकार अद्याप नकाशासारखे आहेत, परंतु फुगतात. मुलीकडे वाटण आणि विरजण. भांडी आळीपाळीने. आणि त्या भगिनीकडे, दवाखान्यातून आल्यावर, फोडणी. पहिले पंधरा दिवस भांडणांत गेले, हेही सांगितले पाहिजे. एकदा मुलाने भांडी तशीच ठेवली म्हणून ती तीन दिवस तशीच राहिली. आजींनी कोणालाही हात लावू दिला नाही.

शनिवारचे हॉटेल त्यांनी बंद केले नाही. महिन्यातून एकदा ठेवले, आणि ते उघडपणे, मुलांना किती पैसे आहेत ते सांगून. आठव्या महिन्याच्या वहीत वाणी, भाजी, दूध, गॅस मिळून ११,८०० आणि बाहेरचे १,४००. घरचा खर्च वाढला, हे ध्यानात घ्यावे. तो वाढावयासच हवा होता. शिधा अधिक आला, दूध अधिक आले, फळेही येऊ लागली. एकूण खर्च मात्र १९,५०० वरून १३,२०० वर आला. महिन्याच्या ६,३०० रुपयांनी बारावीची शेवटची फी भरली गेली आणि त्या घराला आपल्या निधीकडे केलेला अर्ज मागे घेता आला. होय, अर्ज आला होता. तो आम्हा सातजणींपैकी एकीचाच होता, आणि अर्ज वाचणाऱ्या इतर सहाजणींसमोर तो तिने स्वतःच ठेवला होता. पतींना गेल्या दिवाळीनंतर पुन्हा नोकरी लागली, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. वही चालू आहे.

प्रत्येक घरात अशी सासू नसते आणि प्रत्येक घरात अशी सून ऐकून घेणारी नसते, हे आम्ही जाणतो. कित्येक घरांत तर कोणालाच वेळ नसतो. पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल ह्यांच्या मध्ये जे घर उरते, त्यात वाल सोलण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. अशा घराने निदान कुळथाचे पीठ आणून ठेवावे. बाकीचे हळूहळू.

आता कार्यकारी मंडळाकडे आमची दोन मागणी आहेत. पहिली अशी की, पुढील वर्षाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील ज्या ज्या भगिनींनी खानावळी चालविल्या, डबे दिले, पापड-लोणची करून संसार ओढले, त्यांची माहिती व छायाचित्रे छापावीत. माहिती गोळा करण्याचे काम आम्ही करू. काही घरे नकार देतील; त्यांच्याकडे आम्ही दुसऱ्यांदा जाऊ. दुसरी मागणी अशी की, आजच्या संमेलनाच्या जेवणाचे कंत्राट दर पानास किती रुपयांनी दिले गेले, तो आकडा खजिनदारांनी वार्षिक सभेत सांगावा. आम्ही तो अंदाजाने काढला आहे, परंतु खजिनदारांच्या तोंडून ऐकणे अधिक बरे.

आणि एक सूचना. पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारपासून दर पंधरा दिवसांनी दुपारी तीन वाजता ह्याच सभागृहाच्या मागील खोलीत आजी बसणार आहेत. पहिल्या दिवशी मोड आणणे आणि कुळथाची पिठी, दुसऱ्या दिवशी वाटण व वरणफळे. खोली लहान असल्यामुळे वीसच नावे घेता येतील. आजवर चौदा नावे आली असून त्यांत पाच मुलगे व दोन सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर चालू आहे. शेगडी मंडळाची आहे. पातेले ज्याने त्याने घरून आणावे, आणि परत नेल्यावर ते ज्याने आणले त्यानेच घासावे, अशी आजींची अट आहे.